'फर्स्ट ओमेगा इन स्पेस': वापरलेलं घड्याळ, घ्यावं का? (नाशिक)

सोमेश्वरकर

नमस्कार मंडळी. घड्याळवाल्यांचे सल्ले हवे आहेत. बिनघड्याळवाल्यांचे टोमणेही चालतील.

कॉलेज रोडला आमच्या ओळखीचे एक काका राहतात. मुलाकडे कायमचे परदेशी चाललेत, म्हणून घर आवरताहेत. त्यांच्याकडे ओमेगा स्पीडमास्टर आहे, 'फर्स्ट ओमेगा इन स्पेस' नावाची आवृत्ती. २०१४ मध्ये मुंबईत नवं घेतलेलं. बिल आहे, डबा आहे, लाल कार्डही आहे. मॉडेल क्रमांक ३११.३२.४०.३०.०१.००१. मूळचा तपकिरी चामडी पट्टा कधीच गेला, आता कुठलातरी काळा लावलाय. मागताहेत सव्वाचार लाख.

माझ्याकडे एक टायटन आणि बाबांचं जुनं एचएमटी, एवढाच संसार. बाबांना हे दाखवलं तर लगेच म्हणाले, "अरे बंद आहे हे, सेकंदकाटा जागचा हलत नाही." मोठा काटा बटण दाबेपर्यंत बारावरच उभा असतो आणि रोजचे सेकंद डावीकडच्या छोट्या तबकडीत फिरतात, हे काकांनी सांगितलं तेव्हा मलाही कळलं. यावरून माझी पातळी ओळखा.

तर, वापरलेलं घेताना काय बघायचं? नाशिकमध्ये तपासता येईल का? आणि एवढे पैसे द्यावेत का?

तिखट तर्री

सव्वाचार लाख मोजायचे आणि वर रोज सकाळी चावीही आपणच द्यायची? यात मालक कोण आणि नोकर कोण?

दूरदुर्बीण

तर्रीभाऊ, थांबा जरा. सोमेश्वरकर, आधी हे घड्याळ कुठलं ते नीट समजून घ्या, कारण विकणारे हमखास 'हेच ते चंद्रावरचं' म्हणून गळ्यात मारतात. हे चंद्राच्या आधीचं.

३ ऑक्टोबर १९६२ रोजी अमेरिकी अंतराळवीर वॉली शिरा मर्क्युरी मोहिमेतल्या 'सिग्मा ७' यानातून पृथ्वीभोवती सहा फेऱ्या मारून आला. त्याच्या मनगटावर होतं ते स्पीडमास्टर सीके २९९८. नासानं दिलेलं नव्हे, त्याचं स्वतःचं, खासगी. त्या वेळी नासानं अधिकृत घड्याळ निवडलेलंच नव्हतं. आणि स्पीडमास्टर काही अंतराळासाठी जन्मलेलं नाही. १९५७ साली ते आलं मोटारींच्या शर्यतींसाठी, म्हणून तर बेझेलवर, म्हणजे तबकडीभोवतीच्या कड्यावर, वेग मोजायचा टॅकिमीटर.

नासाच्या परीक्षा नंतर झाल्या. ७१ अंश सेल्सिअसला ४८ तास, मग ९३ अंशाला अर्धा तास, उणे १८ ला चार तास, सहा दिशांनी ४० जीचे (गुरुत्वाकर्षणाच्या ४० पट) धक्के, शिवाय निर्वात पोकळी, दमट हवा, कंपनं असं बरंच काही. तगलं ते स्पीडमास्टर, आणि १ मार्च १९६५ ला त्याला मान्यता मिळाली. त्याच जूनमध्ये एड व्हाइट यानाबाहेर तरंगला तेव्हा ते त्याच्या हातात होतं. १९६९ ला चंद्रावर गेलं ते ऑल्ड्रिनच्या मनगटावर. आर्मस्ट्राँगनं स्वतःचं खाली उतरताना यानातच ठेवलं होतं, कारण यानातलं इलेक्ट्रॉनिक टायमर दगा देत होतं.

तुमच्या काकांकडे आहे ते २०१२ मध्ये, शिराच्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून काढलेलं. जुन्यासारखेच सरळ लग (पट्टा जिथं बसतो ते पाय), अल्फा म्हणतात ते टोकदार काटे, ३९.७ मिलिमीटरची केस, तबकडीवर 'प्रोफेशनल' हा शब्द नाही. चंद्रावरचं म्हणून जे मिळतं ते ४२ मिलिमीटरचं, चावीच्या बाजूला फुगवटा असलेलं. दोघांची गल्लत करू नका.

बॅलन्स व्हील

दूरदुर्बीण, लेख झाला की हो! एक भर घालतो. या आवृत्तीला 'नंबर्ड' म्हणतात, 'लिमिटेड' नव्हे. मागच्या झाकणावर क्रमांक कोरलेला असतो, पण एकूण किती काढायची याला आधी जाहीर केलेली मर्यादा नव्हती. 'दुर्मीळ आहे, नंबर आहे' म्हणून कोणी वरचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

तिखट तर्री

'अंतराळातलं पहिलं' म्हणता, मग गागारिनच्या हातात काय राखी होती का?

दूरदुर्बीण

गागारिनच्या हातात श्तुर्मान्स्किये होतं, १२ एप्रिल १९६१. सोव्हिएत वैमानिकांना मिळायचं ते, बाजारात विकायला नव्हतं. फेब्रुवारी १९६२ ला जॉन ग्लेननं मनगटावर हॉयरचं स्टॉपवॉच बांधलं होतं. २४ मे १९६२ ला स्कॉट कार्पेंटरच्या हातात ब्राइटलिंगचं कॉस्मोनॉट होतं. कक्षेत तासा-दीड तासाला दिवस-रात्र उलटते, म्हणून त्यानं चोवीस तासांची तबकडी मुद्दाम करून घेतली होती. बिचाऱ्याचं यान ठरल्या जागेपासून चारेकशे किलोमीटर लांब समुद्रात पडलं, घड्याळात खारं पाणी शिरलं आणि ते तिथंच संपलं.

ओमेगानं त्या मानानं प्रामाणिकपणा दाखवलाय. झाकणावर 'अंतराळातलं पहिलं घड्याळ' असं नाहीच. 'अंतराळातलं पहिलं ओमेगा' एवढाच दावा आहे.

ओझरवाला

सगळ्यांना नमस्कार. मी ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमान कारखान्यातून, निवृत्त. घड्याळांचा शौक म्हणाल तर नाही, पण आयुष्य उपकरणांत गेलं.

मिग-२१ च्या कॉकपिटमध्ये एक रशियन घड्याळ असायचं, एसीएचएस-१. एकाच तबकडीत चालू वेळ, उड्डाणाला लागलेला वेळ आणि स्टॉपवॉच, तिन्ही. वैमानिकाला बेरीज-वजाबाकी करायला लावायची नाही, हा त्यामागचा विचार. क्रोनोग्राफही, म्हणजे असं स्टॉपवॉचवालं घड्याळ, तेच करतो, फक्त मनगटावर मावेल इतक्या जागेत. वेळ दाखवणारी गाडी एकीकडे चालू, आणि बटण दाबलं की दुसरी चक्रमाला तिला येऊन चिकटते. थांबवलं की सुटते. शून्यावर आणलं की एक हातोडी हृदयाच्या आकाराच्या कॅमवर, म्हणजे चकतीवर, आपटते आणि काटा जिथं असेल तिथून बारावर. हा हृदयाकृती कॅम मी पहिल्यांदा उघडा पाहिला तेव्हा ज्यानं कोणी तो काढला असेल त्याला मनोमन हात जोडले होते.

यात आतलं मशीन कोणतं आहे?

बॅलन्स व्हील

काका, यात कॅलिबर १८६१ आहे. हाताने चावी, ताशी २१,६०० ठोके, एकदा भरली की साधारण ४८ तास. शिराच्या घड्याळात ३२१ होतं, ताशी १८,००० ठोक्यांचं. त्यात चालू-बंदची आज्ञा स्तंभचक्र द्यायचं, म्हणजे कॉलम व्हील. १९६८ पासून ८६१ आलं आणि तिथं साधा कॅम बसला. १८६१ ही त्याचीच पुढची पिढी. शौकीन लोक या बदलावर नाकं मुरडतात, पण दुरुस्त करणाऱ्याला विचारा, कॅमवालं रांगडं आहे, सांभाळायला सोपं आहे आणि टिकतं.

म्हणजे ज्याला 'शिराचंच घड्याळ' हवंय त्याला हे मिळत नाहीये. मशीन वेगळं, काच वेगळी. त्याची काच प्लास्टिकची, हेसलाइट, फुटली तरी तुकडे उडू नयेत अशी. याची सफायर, म्हणजे ओरखडा पडत नाही, पण जोरात आपटली तर तडकते.

ओझरवाला

बरोबर. तपासाल तर ते मशीन तपासा. झाकणावरची गोष्ट सगळ्यांवर सारखीच कोरलेली आहे, तिचे वेगळे पैसे कशाला?

सोमेश्वरकर

काका, लाखातलं बोललात. मग बॅलन्स व्हील साहेब, मशीन तपासायचं कसं ते सांगाच. माझ्याकडे फक्त भिंग आहे, तेही आजोबांचं पंचांग वाचायचं.

बॅलन्स व्हील

भिंग पुरेसं आहे सुरुवातीला. आमचं घर तीन पिढ्या घड्याळजींचं, मेन रोडला दुकान होतं, आता मी नोकरी करतो पण टेबल अजून घरात आहे. सांगतो.

आधी घड्याळ पूर्ण थांबू द्या आणि मग चावी द्या. दाणेदार, एकसारखी लागली पाहिजे. कुठं घसरते, कुठं करकरते असं होत असेल तर तिथंच थांबा. हे ऑटोमॅटिक नाही, चावी भरली की ती अडते, तिथून पुढं जोर करायचा नाही.

मग वरचं बटण दाबा. मोठा काटा उडी मारून किंवा थरथरत निघायला नको. तो बारा तास चालू ठेवा. खालच्या तबकडीत तासांचा काटा असतो, तो पूर्ण फेरी मारून आला पाहिजे, आणि मूळ वेळ मागं पडायला नको. लोक इथंच कंटाळा करतात. दहा सेकंद चालवून बघतात, 'मस्त' म्हणतात, आणि दोष असतो तासांच्या चक्रात. थांबवून खालचं बटण दाबलं की तिन्ही काटे अगदी शून्यावर यायला हवेत. केसभर इकडंतिकडं असेल तर काटा पुन्हा बसवावा लागेल, मोठा आजार नाही. क्रोनो चालू असताना मात्र खालचं बटण दाबून जोर करू नका, ते त्यासाठी नाही.

पुढचं काम टायमिंग मशीनचं. ठोके ऐकून चाल मोजतं, टायमग्राफर म्हणतात. त्यावर लिफ्ट अँगल (प्रत्येक मशीनचा ठरलेला कोन) ५० ठेवायचा, बरेच जण ५२ वरच सोडतात आणि आकडे चुकतात. पूर्ण चावी, तबकडी वर, तर ॲम्प्लिट्यूड, म्हणजे आतल्या बॅलन्स चक्राचा झोका, २७० अंशांच्या आसपास किंवा वर असावी. २२० च्या खाली गेली तर तेल वाळलंय. क्रोनो चालू केल्यावर थोडी पडणार, ते साहजिक. आणि घड्याळ दिवसाला मिनिटभर पुढं पळत असेल तर घाबरण्याआधी होकायंत्र जवळ न्या. सुई हलली तर चुंबकत्व शिरलंय. १८६१ ला चुंबकाचं फारसं कवच नाही. मोबाईलचा स्पीकर, पर्सचं चुंबकी बटण, इंडक्शन शेगडी, काहीही पुरतं. ते काढणं चुटकीचं काम आहे.

आता बाहेरून. या घड्याळाचं रूप सरळ लगमध्ये आहे. त्यांच्या कडा धारदार दिसल्या पाहिजेत. कोणी बफिंग चाकावर धरून चकाचक केलं असेल तर कडा गोल होतात आणि गेलेलं धातू परत येत नाही. मला विचाराल तर ओरखडे असलेलं, न घासलेलं घड्याळ मी आधी घेईन. चमकणाऱ्या जुन्या घड्याळावर माझा विश्वास कमी.

नकली ओळखायचं तर झाकण उघडून मशीन बघण्यावाचून पर्याय नाही. काही नकलांत छोट्या तबकड्या नुसत्या शोभेच्या असतात, त्या सहज कळतात. पण काहींत खरोखरचा हाताने चावीचा क्रोनोग्राफ असतो आणि बाहेरून फसायला होतं. झाकण रबरी बॉलनं किंवा योग्य पान्यानंच उघडा. स्क्रू ड्रायव्हर लावणाऱ्याच्या हातात देऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो. मशीनवर ओमेगा आणि १८६१ असं कोरलेलं दिसेल. शिवाय घड्याळावरचा क्रमांक आणि कार्डावरचा क्रमांक जुळवा. डबा-कार्ड खरं आणि घड्याळ दुसरंच, हेही होतं.

तिखट तर्री

एवढी चौकशी आम्ही मुलगी बघायला गेलो तेव्हा केली नव्हती.

कळवणची कन्या

आणि तिनं तुमची केली असती तर आज बायको नसती तर्रीभाऊ!

सोमेश्वरकर, वेगळा सल्ला. क्रोनोग्राफचीच गंमत हवी असेल तर एवढ्यात उडी मारू नका. मी सीगल १९६३ वापरते. चिनी हवाई दलासाठी साठच्या दशकात जे घड्याळ तयार केलं त्याची नवी आवृत्ती. हाताने चावी, आणि तुम्ही वर म्हणताय ते कॉलम व्हीलसुद्धा. मागून काचेतून सगळं हलताना दिसतं. ओमेगाच्या एका सर्व्हिसच्या पैशांत अख्खं घड्याळ. अंतराळाचीच ओढ असेल तर बुलोव्हाचं लूनर पायलट बघा. अपोलो १५ मध्ये डेव्ह स्कॉटचं ओमेगा काच निखळून निकामी झालं आणि त्यानं सोबत नेलेलं स्वतःचं बुलोव्हा चंद्रावर घातलं. आजचं ते क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवरचं, आहे, ४५ मिलिमीटर, मोठं थाळीएवढं, पण वेळ अचूक.

सोमेश्वरकर

लूनर पायलट बघितलंय ताई. माझं मनगट साडेसहा इंच, घड्याळ माझ्या हातावर नाही, मी घड्याळाखाली दिसतो. सीगलचा विचार करतो, पण खरं सांगू? हे ३९.७ चं घातलं तेव्हा ते बसलं.

खाताबही

व्यवहाराचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. सी.ए. आहे, घड्याळातलं काही कळत नाही.

रोख देऊ नका. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि दंड घेणाऱ्याला, तोही घेतलेल्या रकमेइतका. तुकडे पाडून दिले तरी व्यवहार एकच धरला जातो. काका परदेशी चाललेत, त्यांना जाताना हा ताप नको. सरळ बँकेतून द्या. साध्या कागदावर विक्रीची पावती करा, मॉडेल, क्रमांक, किंमत, दोघांच्या सह्या. मूळ बिल आणि कार्ड ताब्यात घ्या. पुढं विमा करायचा झाला किंवा परदेशातून येताना विमानतळावर कोणी विचारलं तर हेच कागद कामाला येतील.

२०२५ पासून १ टक्का टीसीएस (विक्रेत्यानं गिऱ्हाइकाकडून गोळा करायचा कर) आलाय म्हणून घाबरू नका, तो दहा लाखांवरच्या घड्याळांना.

ओझरवाला

आणि घेतल्यावर ते पाण्यात घालू नका. वर ५० मीटर लिहिलेलं असतं ते नव्या रबरी गॅस्केटवर. दहा-अकरा वर्षांचं रबर म्हणजे नुसती आशा.

तिखट तर्री

म्हणजे रंगपंचमीला रहाडीत, रंगाच्या हौदात, उडी मारताना काढून ठेवायचं. आणि मिरवणुकीत? नासानं ४० जीचे धक्के दिले म्हणे, पण नाशिक ढोल गळ्यात बांधून बघितला होता का त्यांनी?

बॅलन्स व्हील

हसू नका, ढोल वाजवताना खरंच काढा. एक मोठा धक्का सोसणं वेगळं, आणि तासभर मनगटाला ठोके वेगळे.

बाकी तर्रीभाऊंसाठी टॅकिमीटरची माहिती. एक किलोमीटरच्या दगडाला क्रोनो सुरू करा, पुढच्या दगडाला थांबवा. ३६ सेकंद लागले तर काटा १०० वर, म्हणजे ताशी १०० किलोमीटर. हिशेब सोपा, ३६०० भागिले सेकंद. पण आकडे ६० च्या खाली जात नाहीत. मिनिटाच्या आत किलोमीटर व्हायलाच हवा.

तिखट तर्री

मग द्वारका चौकात काय उपयोग? सध्या कुंभाची खोदाखोदी चालू आहे, तिथं किलोमीटर मोजायला तो तासांचा काटाच लागेल.

सोमेश्वरकर

मंडळी, पुढची बातमी. बॅलन्स व्हील साहेब स्वतः आले, टायमिंग मशीन आणि बॉल घेऊन. काकांनी चहा-चिवडा दिला आणि शेजारी खुर्ची ओढून बसले, त्यांनाही स्वतःच्या घड्याळाचं पोट पहिल्यांदाच दिसत होतं.

मशीन अस्सल. क्रमांक जुळले. लगच्या कडा शाबूत, डाव्या बाजूला एक चांगला खोल ओरखडा आहे, तो कारच्या दारानं पडलाय म्हणे. चुंबकत्व होतं, ते तिथंच निघालं. पण ॲम्प्लिट्यूड २१५ ते २२० च्या मधे, आणि क्रोनो चालू केल्यावर २०० च्या खाली. काकांनी २०१४ पासून एकदाही सर्व्हिस केलेली नाही. 'चालतंय की' म्हणून. मोठा काटा शून्याच्या किंचित उजवीकडं थांबतो.

काकांना नीट समजावलं. सर्व्हिस मुंबईच्या अधिकृत केंद्रातून करायची, तिचा खर्च किमतीतून वजा करायचा आणि मूळ पट्टा नाही त्याचेही थोडे. काका आधी गप्प झाले. मग म्हणाले, मुलगा म्हणत होता तिकडं नेऊन विकू, पण तिकडं कोण बसणार बारा तास काटा बघत. साडेतीन लाखांवर सौदा झाला. पैसे बँकेतून, पावती खाताबहींनी सांगितली तशी.

दूरदुर्बीण

अभिनंदन! २०२४ मध्ये याचीच नवी आवृत्ती आलीय, ३८६१ मशीनची, चुंबकत्वाला न जुमानणारी, राखाडी-निळसर तबकडीची. तिच्या जाहिराती बघून आता जीव खाली-वर करू नका.

सोमेश्वरकर

बघितलीय, दुकानात हातात घेऊनही आलोय. काळी तबकडी बरी वाटली मला. आणि नव्याची किंमत ऐकून चुंबकत्व परवडेल असं ठरवलं.

एक अडचण मात्र राहिली. हा काळा पट्टा टोकाशी सैल बसलाय, पिनच्या बाजूला फट दिसते. तपकिरी घ्यायचाय. नाशिकमध्ये कुठं मिळेल?

बॅलन्स व्हील

याच्या लगमधलं अंतर १९ मिलिमीटर आहे, म्हणून फट दिसतेय. कोणीतरी १८ चा लावलाय. बाजारात सगळं १८ आणि २० मध्ये मिळतं. २० चा कोंबून बसवला तर आतली कड दुमडते आणि चामडं लवकर फाटतं. चामड्याचं काम करणाऱ्या एखाद्या कारागिराकडून मापानं शिवून घ्या, बकलकडं १६ पर्यंत निमुळता करायला सांगा. सर्व्हिसला पाठवताना पट्टा काढूनच पाठवा, आणि झाकणाचा क्रमांक दिसेल असे फोटो आधी काढून ठेवा. जुने सुटे भाग परत मागायचे असतील तर तसं लेखी कळवा, आणि केसला पॉलिश करू नका हेही फॉर्मवर ठळक लिहा. नाहीतर तो कारच्या दाराचा ओरखडा काढताना लगची कडही जाईल.

कळवणची कन्या

पॉलिशचं दोनदा लिहा. एकदा फॉर्मवर आणि एकदा डब्यावर चिकटवून.